भिंतीवर न आलेली बोट

आमच्या किनारपट्टीवरील बौद्धवाड्यांत एक भित्तिचित्र हमखास आढळते: चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारे बाबासाहेब. पावसाळ्यात रंग उडतो. भीमजयंतीपूर्वी तरुण मंडळी तो पुन्हा चढवितात. २० मार्च १९२७ चा तो क्षण भिंतीवर असावा, यात दुमत नाही. परंतु चित्रात बाबासाहेब बहुधा एकटेच असतात. सहावीतील एका मुलाने विचारले, "सर, तेव्हा बाकीचे लोक कुठे होते?" आम्ही ओशाळलो. त्याचे पणजोबा कदाचित त्याच रांगेत असतील.

परिषदेसाठी झटलेले दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे कोणत्या भिंतीवर आहेत? डिसेंबरच्या परिषदेला जागा देणारे फत्तेखान, मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे कोठे आहेत? आणि ती 'पद्मावती' बोट? तिने मुंबईहून निघालेले बाबासाहेब २५ डिसेंबरला दासगाव बंदरी उतरले व पुढे महाडास गेले. समुद्राकाठच्या आपणांस तरी ती रंगविण्याचे सुचावयास हवे होते.

शाळेची खाडीकडील भिंत यंदा रंगवावयाची आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांचा हात कुंचल्यावर बसला आहे, त्यांनी पावसाळ्यापूर्वी यावे. आरंभ बोटीपासून करू.