डब्यातली शक्ती

सुशिक्षित गृहस्थाच्या फडताळात हिंगाच्या डबीइतकाच हटकून आढळणारा पदार्थ म्हणजे दुधात कालवावयाच्या तपकिरी भुकटीचा डबा. एका घरी हॉर्लिक्स, शेजारी बोर्नव्हिटा, माडीवर बूस्ट; आणि प्रत्येक घराची आपल्या डब्यावरील निष्ठा टिळक आणि दाते पंचांगांच्या अभिमान्यांनी धडा घ्यावा अशी! एकत्र कुटुंबात या डब्यांपायी दरमहा बरीच रक्कम जाते. पण त्याहून चिंतेची गोष्ट ही की, मुलांच्या पोटात काय जावे याचा निर्णय आपण जाहिरातकारांच्या हाती देऊन स्वस्थ बसतो. म्हणून या महिन्यात हाच विषय वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

या डब्यांची कुळकथा मनोरंजक आहे. हॉर्लिक हे दोघे इंग्रज बंधू. त्यांनी अमेरिकेत जाऊन १८७३ साली धंदा सुरू केला आणि १८८३ साली माल्टयुक्त दुधाच्या भुकटीचे पेटंट घेतले. १९३० नंतरच्या दशकात त्यांच्या कंपनीच्या जाहिरातींनी ‘रात्रीची उपासमार’ नावाचा एक नवाच विकार शोधून काढला. झोपेत मनुष्याची शक्ती झिजते, सबब निजण्यापूर्वी एक पेला घ्यावा! आधी रोग निर्माण करावा आणि मागाहून औषध विकावे, ही युक्ती आजची नव्हे, हे यावरून ध्यानात येईल. ओव्हल्टिनचा जन्म १९०४ साली स्वित्झर्लंडात बर्न येथे झाला. त्याचे मूळ नाव ओव्होमाल्टिन, आणि त्यातील ‘ओव्हो’ म्हणजे अंडे. ही व्युत्पत्ती सोवळ्यातील आजीबाईंस त्या काळी कोणी सांगितली असती, तर किती पेले मोरीत रिते झाले असते कोण जाणे! बोर्नव्हिटा हे नाव कॅडबरी कंपनीच्या बोर्नव्हिल या गावावरून पडले आणि १९४८ साली ते हिंदुस्थानात आले. त्यातील ‘व्हिटा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ जीवित. आणि आपला ‘जीवित’ शब्द त्याच मूळ धातूचे भावंड आहे. कोकोच्या झाडाला लिनीयसने १७५३ साली ‘थिओब्रोमा’, म्हणजे देवांचे अन्न, असे नाव दिले. येथे मात्र ‘थिओस’ आणि आपला ‘देव’ यांची सोयरीक जुळविण्याचा मोह आवरावा. कानाला दोन्ही शब्द सारखे लागले तरी भाषाशास्त्रज्ञ ते नाते मानीत नाहीत.

परंतु नावापेक्षा आतील वस्तू पाहावी. माल्ट माल्ट म्हणून ज्याचा एवढा बोलबाला, ते तरी काय? सातू भिजवून त्यास मोड आणावयाचे, मोड पुरेसे आले की उष्णतेने वाळवावयाचे. मोड येताना दाण्यात जी पाचक द्रव्ये तयार होतात ती पिठूळ अंशाचे गोड साखरेत रूपांतर करितात. माल्टची गोडी व पचावयास हलकेपणा तो हाच. आमच्या भगिनीवर्गास हे वाचून हसू येईल, कारण नाचणीचे सत्त्व म्हणून त्या पिढ्यान्‌पिढ्या जे करीत आल्या ते याहून निराळे नाही. नाचणी भिजवावी, फडक्यात बांधून मोड आणावे, सावलीत वाळवून, किंचित भाजून, दळून वस्त्रगाळ करावी. त्यात चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमहून अधिक असतो; गव्हातांदळांत तो याच्या जवळपासही नाही.

आता चवीकडे वळू. गेल्या मासी एका रविवारी आम्ही घरातील नऊ माणसांपुढे सहा सहा लहान पेले मांडिले. दूध एकच, भुकटीचे माप एकच, वरून साखर नाही, आणि नावाच्या चिठ्ठ्या पेल्यांच्या बुडाशी चिकटविलेल्या. हॉर्लिक्स साधे घेतले होते. त्यात कोको नसल्याने रंग फिका, पण भाजणी परतताना घरभर सुटतो तसला खमंग वास. वडील बंधूंनी डोळे मिटून तेच पसंत केले. बोर्नव्हिट्यात कोको आणि करपू घातलेल्या साखरेची संमिश्र चव लागली. बूस्टमध्ये माल्ट पुढे, कोको त्याच्या मागून. चॉकलेटच्या स्वादाचे कॉम्प्लान अधिक दुधाळ व दाट. आजाऱ्यांसाठी १९५४ साली इंग्लंडात निघालेल्या या भुकटीत दुधातील प्रथिनेच पुष्कळ असतात, त्याचा हा गुण. पाचव्या पेल्यात निव्वळ कोको व चमचाभर साखर होती. तो कडवट घोट मुलांनी तोंड वाकडे करून परत केला, सुनांनी मात्र संपविला. सहावे नाचणीचे सत्त्व, वेलदोडा घातलेले. त्यास पसंतीची पाच मते पडली, त्यांत एक चिमुरड्या नातीचे.

खरी मौज पुढेच आहे. आमचा सात वर्षांचा नातू ज्या डब्यासाठी रोज सकाळी घर डोक्यावर घेतो, तो त्याने ओळखला तर नाहीच, उलट चौथा लाविला! मुलांनी दिलेला क्रम आणि गोडीचा क्रम जवळजवळ एकच निघाला. दुसऱ्या दिवशी कोणास न सांगता भुकटी निम्मी केली. तिन्ही मुलांपैकी एकीनेच ‘आज पाणचट आहे का?’ म्हणून विचारिले. रंग दिसला एवढ्यावर बाकीच्यांचे समाधान झाले.

गोडीचा हिशेब शाळामास्तराने न मांडावा तर कोणी मांडावा? २०२३ साली बोर्नव्हिट्यातील साखरेवरून देशभर वाद माजला, तेव्हा १०० ग्रॅम भुकटीत वरून घातलेली साखर ३७.४ ग्रॅम होती. त्या वर्षाच्या अखेरीस ती ३२.२ वर आणल्याचे प्रसिद्ध झाले. २० ग्रॅमच्या एका मापात साडेसात ग्रॅम होती ती सुमारे साडेसहा झाली. दोन वेळा दूध घेणाऱ्या मुलाच्या पोटी १३ ग्रॅम साखर येथेच गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाकाठी सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहणे अधिक हितकर, मग बालकाची गोष्टच नको. शिवाय ‘पोर वाळलेय’ म्हणून आजी आणखी एक चमचा साखर घालते तो निराळाच! एप्रिल २०२४ मध्ये सरकारने संगणकावरील दुकानदारांस बजाविले की, अन्नसुरक्षेच्या कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही, सबब अशी पेये त्या सदरात मांडू नयेत. त्याच महिन्यात हॉर्लिक्सच्या धन्यांनीही आपल्या पेयाचे सदर बदलून त्यातील ‘हेल्थ’ शब्द काढिला. पेल्यातील बल मुख्यतः दुधाचे आहे. एका पेल्यातून सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात ती गाईम्हशीची कृपा.

यावर आमच्या धाकट्या सूनबाईंनी घेतलेला आक्षेप न सांगितल्यास तिच्यावर अन्याय होईल. ती म्हणाली, “मामंजी, सत्त्वाचे गुण आम्हालाही ठाऊक आहेत. पण सकाळी सातला मुलांची शाळा, साडेआठला माझी गाडी. त्यात मोड आणावयाचे, वाळवावयाचे, गाळावयाचे कोणी? चव घ्यावयास नऊ माणसे होती, फडके धरावयास एक तरी येईल का?” प्रश्न रोकडा होता. वडील बंधू वर्तमानपत्रात शिरले. अखेर असे ठरले की, नाचणी भिजविणे व गच्चीवर राखण करणे आम्हा दोघा निवृत्तांकडे, दळण गिरणीत, आणि गाळण्याचे काम रविवारी मुलांच्या बापांकडे. नातवाचा डबा बंद केलेला नाही. मात्र मापाचा चमचा सुरीने सपाट करून अर्धाच घालावयाचा, आणि वरून साखर घालण्याचा आजीचा अधिकार सणावारापुरता.

ज्यांस साधा कोको करून पाहावयाचा आहे त्यांच्यासाठी एक सूचना. कोको विरघळत नाही, तो तळाशी बसतो. म्हणून आधी दोन चमचे ऊन दुधात त्याची गुठळी मोडून लेप करावा, मग उरलेले दूध थोडे थोडे ओतीत घोटावे आणि एक उकळी येऊ द्यावी.