दहा दिवसांचे रोप, वर्षभराची निगा



या सदरात आपण बियाणे, खते, कीड-रोग यांवर नेहमी बोलतो. आज मनाच्या मशागतीवर बोलू. काही वाचक म्हणतील, कृषी अधिकाऱ्याचा हा विषय नव्हे. पण भाव पडला, पाऊस लांबला, हप्ता थकला की पिकाआधी माणूस वाळतो, हे आपण सारे पाहतो. त्याची झोप जाते, चिडचिड वाढते आणि राग निघतो तो घरातल्या लेकरांवर व मुक्या जनावरांवर. म्हणून हा विषय आपल्या घरचाच आहे.

कसारा घाट चढून वर आले की इगतपुरी लागते. गावालगतच्या टेकडीवर सोनेरी पॅगोडा दिसतो. ती धम्मगिरी, विपश्यना ध्यानाचे केंद्र. श्री. सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात येऊन ही साधना शिकवायला सुरुवात केली आणि १९७६ पासून धम्मगिरीवर शिबिरे भरू लागली. गोयंका गुरुजी २०१३ साली वारले, पण शिबिरे चालू आहेत. आपल्या भाताच्या मुलखातल्या या टेकडीवर देशोदेशीचे लोक येऊन बसतात.

शिबिर दहा दिवसांचे. जाण्यायेण्याचे दिवस धरून बारा दिवस मोकळे ठेवावे लागतात. पहाटे चारला घंटा होते, रात्री साडेनऊला दिवे मालवतात. दहाव्या दिवसापर्यंत मौन. फोन नाही, वाचन नाही, लेखन नाही. पहिले तीन दिवस फक्त येणारा-जाणारा श्वास पाहायचा, त्याला आनापान म्हणतात. चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना पाहायला शिकवतात. राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत. शिबिर पुरे केल्यावर ज्याला इच्छा असेल त्याने दान द्यावे. कोणत्याही धर्माच्या माणसाला प्रवेश आहे.

आता खरी अडचण पुढे आहे. दहा दिवस करून आलेला माणूस घरी येतो, आठ-पंधरा दिवस नेमाने बसतो. मग आवणी येते, लग्नसराई येते, पाहुणे येतात. एक दिवस चुकतो, दोन दिवस चुकतात आणि महिन्या-दोन महिन्यांत सतरंजी माळ्यावर जाते. मग लोक म्हणतात, “आमच्यात तेवढा निश्चय नाही.” मला हे पटत नाही. निश्चयाचा दोष कमी, व्यवस्थेचा जास्त.

पाहा, दुभत्या गायीची धार काढायला कोणाला निश्चय करावा लागतो का? गाय हंबरते, डेअरीची वेळ ठरलेली असते, शेजारी कॅन घेऊन निघालेला दिसतो. आपण आपोआप उठतो. हरिपाठाचेही तेच. घरी एकट्याने म्हणायचा तर चुकतो. देवळात टाळ वाजला की पाय तिकडे वळतात. सवय टिकते ती ठरलेल्या वेळेने, ठरलेल्या जागेने आणि चार माणसांच्या सोबतीने.

ध्यान करणाऱ्यांनी हे जगभर ओळखले आहे. जपानात ध्यानाचा झेन नावाचा पंथ आहे. तो शब्द मुळात आपलाच. संस्कृतात ध्यान, पालीत झान, चीनमध्ये त्याचे चान झाले आणि जपानात झेन. तिथल्या मठात एका दालनात सारे जण ओळीने बसतात, घंटेवर बसतात आणि घंटेवर उठतात. मन ज्याचे त्यानेच आवरायचे, पण बसायचे मात्र सर्वांनी मिळून.

इगतपुरीच्या परंपरेत तर एक शेतकरीच आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांचे नाव सया तैजी. जन्म १८७३ चा, ब्रह्मदेशात रंगूनजवळच्या एका खेड्यात. वडील लहानपणीच वारले. आई भजी विकून पोरांना पोसत होती. चौदाव्या वर्षी हा मुलगा भाताच्या गाडीवर गाडीवान झाला. उंची इतकी कमी की गाडीवर चढायला-उतरायला बरोबर एक खोके ठेवावे लागे. पुढे कष्टाने शेती उभी केली. १९०३ च्या सुमारास पटकीच्या साथीत घरची माणसे, पोटची मुले गेली. त्या दुःखातून ते ध्यानाकडे वळले. पुढे शिकून आपल्या गावातच शेतकऱ्यांना व मजुरांना शिकवू लागले.

त्यांच्याकडे १९३७ साली ऊ बा खिन नावाचे सरकारी हिशेब खात्यातले एक कर्मचारी शिकायला गेले. १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि ते महालेखापाल झाले. पण ते एकटेच बसत राहिले नाहीत. १९५० साली त्यांनी आपल्याच कार्यालयात विपश्यना मंडळ काढले. कामाच्या जागीच सोबत तयार केली. पुढे १९५५ मध्ये त्यांच्याकडे डोकेदुखीने त्रासलेले एक व्यापारी आले, तेच आपले गोयंका गुरुजी. म्हणजे भात वाहणारा गाडीवान, मग हिशेबनीस, मग व्यापारी अशी ही साखळी. तिघेही घरसंसार असलेले. “आम्हा प्रपंची माणसांना हे जमायचे नाही,” असे म्हणायला जागाच उरत नाही.

आता कामाचे बोलू.

१. वेळ कामाला बांधा. शिबिरानंतर सकाळी एक तास व संध्याकाळी एक तास बसावे असे सांगतात. घड्याळातला आकडा धरण्यापेक्षा रोजचे काम धरा. धार काढून झाली की बसायचे, किंवा संध्याकाळी दिवा लावला की बसायचे. कापणीच्या दिवसांत तास जमला नाही तर अर्धा तास बसा, पण शून्य करू नका. पाण्याची पाळी उशिरा दिली तर पीक कसेबसे तगते. पाळीच चुकली तर जाते.

२. जागा एकच ठेवा. घराचा कोपरा, सतरंजी, एवढे पुरे. फोन दुसऱ्या खोलीत.

३. आठवड्यातून एकदा मिळून बसा. शिबिर केलेले दोन-तीन जण गावात किंवा शेजारच्या गावात असतील तर एक वार ठरवा. तासभर एकत्र साधना करा. दोघेच आले तरी ठरल्या वेळी सुरू करा. बसण्याआधी बाजारभाव आणि निवडणूक नको. जो आला नाही त्याला टोमणा मारू नका. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन सहज विचारपूस करा. गावे लांब असतील तर पहाटे एकमेकांना मिस कॉल द्या. कोणीतरी उठले आहे एवढे कळले तरी अंथरूण सुटते.

४. खूण करा. दुधाच्या कार्डावर जशी रोज नोंद होते तशी दिनदर्शिकेवर खूण करा. रिकामे घर दिसले की दुसऱ्या दिवशी बसावे.

५. हंगाम पाहून शिबिर धरा. भाताच्या मंडळींना झोडणी उरकल्यावर सवड असते. द्राक्षवाल्यांनी छाटणीचे दिवस टाळावे. जनावरांची व्यवस्था आधी लावा, नाहीतर दहा दिवस मन गोठ्यातच राहील.

ज्यांनी शिबिर केलेले नाही त्यांनी दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. पाठ सरळ, डोळे मिटलेले, लक्ष नाकपुडीशी. श्वास जसा येतो तसा येऊ द्या, मुद्दाम लांबवू नका. मन पळेल. नवे खोंड औताला जुंपले की सरी सोडून बांधाकडे ओढते. आपण त्याला मारत बसत नाही, पुन्हा सरीवर आणतो. मनाचेही तसेच करा. पुढचे शिकायचे ते शिबिरातच शिका. ज्यांचा हरिपाठ, नमाज किंवा प्रार्थना चालू आहे त्यांनी ती चालू ठेवावी; नेम टिकवण्याची ही रीत तिथेही उपयोगी पडेल.

भगिनींची अडचण वेगळी आहे. पहाटेचा जो तास घरधनी ध्यानाला धरतो, तोच तास बाईचा पाण्याचा, चुलीचा आणि शेणाचा असतो. तेव्हा घरातल्या पुरुषांना माझे सांगणे आहे: तुम्ही तासभर बसणार असाल तर दिवसातला एक तास तिलाही मोकळा करून द्या. त्या वेळी शेगडीवरचे दूध तुम्ही पाहा. ती दहा दिवस शिबिराला जाणार असेल तर भाकरीची सोय आधी करा. नवरा शांत बसला आहे आणि बायको दुप्पट राबते आहे, अशी शांती घराला मानवत नाही.

शेवटी एक सांगणे, ते हलके घेऊ नका. ध्यानाने कर्ज फिटत नाही, भाव वाढत नाही. बँक, विमा, पंचनामा यांची कामे करावीच लागतात. मन ठिकाणावर असले तर ती नीट होतात, एवढेच. आणि ध्यान हे औषधही नव्हे. घरातले कोणी रात्र रात्र झोपत नसेल, जेवण टाकले असेल, “आता जगून काय करायचे” असे बोलत असेल, तर त्याला शिबिराला पाठवू नका, डॉक्टरकडे न्या. शिबिराच्या अर्जात जुन्या आजाराची माहिती विचारतात, ती खरी लिहा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, फुकट आणि मराठीतही मिळते. कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती द्या. अशा माणसाला एकटे सोडू नका. सोबतीचे मोल इथे सर्वांत जास्त आहे.

ज्यांची सतरंजी माळ्यावर गेली आहे त्यांनी ती आज खाली काढावी. मग गावातला असाच दुसरा माणूस शोधावा आणि त्याला एवढेच विचारावे, “गुरुवारी संध्याकाळी बसायचे का?”