दहावा कामगार

शेड एक, छत एक, वीज येते ती एकाच खोलीतून आणि मालही एकाच व्यापाऱ्याचा. पण दारावर पाट्या तीन. एक शेठच्या नावाची, दुसरी त्याच्या पत्नीच्या, तिसरी भावाच्या. प्रत्येक पाटीमागच्या हजेरीपत्रकावर माणसे नऊ. सुरतच्या कापडधंद्यात कामगार कायद्याचा सल्ला देणाऱ्या कुणालाही ही मांडणी समजावून सांगावी लागत नाही. कारखाना अधिनियम, १९४८ ने विजेवर चालणाऱ्या जागेसाठी दहा कामगारांची सीमा घातली आणि त्या दिवसापासून दहावा कामगार कागदावर येऊ न देणे हे आपल्या व्यवसायातले एक कसब होऊन बसले. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तिच्यात कारखान्याच्या व्याख्येतली सीमा विजेसह वीस आणि विजेविना चाळीस अशी दुप्पट झाली आहे. तेच कसब आता विसाव्या कामगारावर चालवले जाईल, ही आमची चिंता आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे की नोंदणी, परवाना आणि नोंदवह्या कामगारांच्या संख्येवरून ठरवायला हरकत नाही, पण यंत्रापासून, वायूपासून आणि आगीपासून माणसाला वाचवण्याचे कर्तव्य संख्येवरून ठरू नये. आणि कायदा नीट वाचला तर ते आजही पूर्णपणे तसे ठरत नाही.

हा प्रश्न गोडादऱ्यातून पाहिला की नीट उलगडतो. गोडादरा, लिंबायत, डिंडोली, उधना हा सुरतच्या पूर्व आणि दक्षिण अंगाचा पट्टा. उधना-जळगाव लोहमार्गाने खानदेशातून आलेल्या कुटुंबांची इथे मोठी वस्ती आहे आणि अहिराणी घराघरांत बोलली जाते. इथला माणूस पांडेसऱ्याच्या किंवा सचिनच्या प्रोसेस हाऊसमध्ये जेट आणि स्टेंटरवर उभा असतो, लूमच्या खात्यात पाळी करतो, नाहीतर एम्ब्रॉयडरीच्या यंत्रावर बसतो; घरातल्या बाया साड्यांचे धागे कापतात, टिकल्या आणि खडे चिकटवतात. एकाच कुटुंबातली तीन माणसे कायद्याच्या तीन वेगवेगळ्या जगांत काम करतात. मोठ्या प्रोसेस हाऊसमधल्याला निदान कागदावर सुरक्षा अधिकारी आणि सुरक्षा समिती मिळू शकते. लूमवरच्याला नऊच्या हजेरीपत्रकात जागा मिळाली तर मिळाली. घरात खडे चिकटवणारी तर कुणाचीच कामगार नसते. तिला नगामागे पैसे मिळतात आणि चिकटवण्याच्या द्रवाचा वास तिच्या स्वयंपाकाच्या खोलीतच राहतो. या तिघांचे धोके मात्र त्या सीमांप्रमाणे वाटले गेलेले नाहीत. लूमचा उडालेला धोटा मोठ्या खात्यात जितका लागतो तितकाच लहान खात्यातही लागतो.

या संख्येचा इतिहास प्रत्येकाने एकदा तरी सलग वाचावा असा आहे. हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. शंभर किंवा अधिक माणसे आणि यांत्रिक शक्ती असेल तरच तो लागू होई. १८९१ मध्ये हा आकडा पन्नासावर आला, १९२२ मध्ये वीसवर, १९४८ मध्ये दहावर. म्हणजे सदुसष्ट वर्षे तो एकाच दिशेने, खाली येत होता. तो आपोआप खाली आला नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने साडेपाच हजार सह्यांचे निवेदन कारखाना आयोगाला दिले. त्यात साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची विश्रांती तर होतीच. शिवाय काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा अपंग झालेल्याच्या पोटाची सोय व्हावी, अशीही मागणी होती. गिरणीत किती माणसे आहेत त्यावर ही सोय अवलंबून असावी, असे त्या कामगारांनी कुठे म्हटले नव्हते. कामाच्या तासांचीही हीच कथा आहे. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची कमाल मर्यादा घातली. पुढे ती अकरा, दहा आणि १९४८ मध्ये नऊ तासांवर आली. सुरतच्या लूमवरची पाळी आजही सर्रास बारा तासांची आहे आणि २०२५ मध्ये गुजरातने आठवड्याच्या ४८ तासांच्या मर्यादेत राहून दिवसाला बारा तासांची मुभा कायद्यानेच दिली. ४८ तास मोजायचे तर आधी खरे हजेरीपत्रक हवे. जिथे ते नसते तिथे मुभा तेवढी उरते आणि मर्यादा कागदावरही उरत नाही.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. जुन्या अधिनियमाच्या कलम ८५ ने राज्य सरकारला असा अधिकार दिला होता की, कामगार दहापेक्षा कमी असले तरी, किंवा ते मालकाचे नोकर नसून त्याच्या परवानगीने वा कराराने तिथे काम करत असले तरी, त्या जागेला अधिनियम लागू करता येईल. अपवाद फक्त स्वतःच्या कुटुंबाच्या मदतीने चालणाऱ्या कामाचा. लूम भाड्याने देऊन जबाबदारीतून मोकळे होण्याची पळवाट तिथेच बंद करता येत होती, आणि संहितेनेही हा अधिकार ठेवला आहे. सरकारने अधिसूचित केलेल्या धोकादायक कामाला तर एकच कामगार असला तरी संहिता लागू होऊ शकते. फौजदारी कायदा माणसे मोजतच नाही: निष्काळजीपणाने मृत्यू घडवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा आहे आणि यंत्राबाबतची निष्काळजी वागणूक कलम २८९ खाली. १९२३ पासून चालत आलेला नुकसानभरपाईचा कायदा, जो आता सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला आहे, विजेवर उत्पादन चालणाऱ्या जागेतल्या कामगाराला संख्येची अट न घालता संरक्षण देतो. पाट्या वेगळ्या असल्या तरी मालकी, व्यवस्थापन, पैसा आणि कामाची साखळी एकच असेल तर ते आस्थापन एकच आहे का, हे तपासण्याच्या कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने असोसिएटेड सिमेंटच्या खटल्यातच घालून दिल्या आहेत. तीन पाट्यांचा सल्ला देणाऱ्याने त्या वाचलेल्या असतात.

या सल्ल्याने मालकाचे भले होते हेही खरे नाही. दहाच्या आत राहिलेले आस्थापन साधारणतः कर्मचारी राज्य विमा योजनेच्याही बाहेर राहते. योजनेत असते तर अपघाती मृत्यूनंतरचा भार विमा महामंडळाने उचलला असता. बाहेर राहिल्यामुळे तो सरळ मालकाच्या खिशावर येतो. तीस वर्षांच्या कामगाराचा मृत्यू आणि १५ हजार रुपयांची वेतनमर्यादा धरून हिशोब केला, तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये होतात. चोवीस लूमचा मालक ही रक्कम आणणार कुठून? शिवाय कर्तव्यात कसूर होऊन मृत्यू घडला तर नव्या संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान पाच लाखांचा दंड, किंवा दोन्ही आहेत. आणि त्या दंडातला किमान निम्मा भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. वर्गणीचे काही हजार वाचवून आपण अशिलाला कोणत्या जोखमीत उभे केले, हे त्याला कुणी सांगत नाही.

भिंतींच्या आतली माणसे मोजून धोका मोजता येत नाही, हे सुरत जिल्ह्याने अलीकडेच दोनदा पाहिले. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात बेकायदा रसायन सोडले जात होते. त्यातून निघालेल्या वायूने शेजारच्या डाइंग-प्रिंटिंग मिलमधले सहा कामगार गेले आणि वीसहून अधिक आजारी पडले. त्यांच्या यंत्रात दोष नव्हता आणि त्यांच्या हातून चूकही झाली नव्हती. नोव्हेंबर २०२३ मध्ये पलसाणा तालुक्यातल्या एका डाइंग कारखान्याच्या टाकीत बिहारहून आलेले चार कामगार गुदमरून मेले. बंदिस्त टाकीत वायू नसल्याची तपासणी झालेली असावी, नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनयंत्र आणि दोर बांधलेला पट्टा असावा व तो दोर धरणारा माणूस बाहेर उभा असावा, त्याशिवाय कुणाला उतरवू नये, हे कारखाना अधिनियमाच्या कलम ३६ ने १९४८ पासून सांगितले आहे. असे अपघात पुन्हा पुन्हा एकाच क्रमाने घडतात: पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. दोर आणि पट्टा ही काही परदेशातून मागवायची सामग्री नव्हे.

यावर पहिला आक्षेप लहान मालकाच्या ऐपतीचा आहे आणि तो आम्ही हलक्याने घेत नाही. लूमचा लहान मालक व्यापाऱ्याच्या दरावर जगतो, सुताचे भाव आणि विजेचे बिल त्याच्या हातात नसते. पुष्कळदा तो स्वतःच कधीतरी कारागीर होता. पण त्याला खरा जाच कशाचा होतो ते पाहावे. पुलीवर जाळी बसवणे, धोट्याला अडसर लावणे, दुसऱ्या दारासमोरच्या कापडाच्या गाठी हलवणे आणि उघड्या वायरी बंदिस्त करणे यांचा खर्च एका अपघाताच्या खर्चापुढे फार थोडा आहे. त्याला जाच होतो तो नमुन्यांचा, विवरणपत्रांचा आणि कचेरीच्या फेऱ्यांचा. म्हणून ओझे हलके करायचे तर कागदाचे करावे. ब्रिटनमध्ये १९७२ च्या रोबेन्स समितीच्या अहवालानंतर १९७४ चा कायदा आला तेव्हा हाच विचार झाला. तिथे पाचपेक्षा कमी माणसे असलेल्या मालकाला सुरक्षेचे धोरण लेखी ठेवावे लागत नाही, पण माणसांना सुरक्षित ठेवण्याचे कर्तव्य एक माणूस कामाला ठेवणाऱ्यालाही चुकत नाही. आपण नेमके उलटे केले: संख्या घटली की कागदाबरोबर कर्तव्यही माफ समजले.

दुसरा आक्षेप सुरक्षा अधिकाऱ्यांकडूनच ऐकू येतो: जाळी बसवली तरी कारागीर स्वतःच काढून ठेवतो, हातमोजे घालत नाही, कानात बोळे घालत नाही. हे घडते. पण तो नगावर काम करतो, तुटलेला धागा जोडताना प्रत्येक मिनिटाला त्याची मजुरी कापली जाते आणि दहाव्या-अकराव्या तासाला हात आपसूक जवळची वाट धरतो. ही घाई त्याने निर्माण केलेली नाही. दर ठरवणाऱ्याने केली आहे. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात आलेल्या कलम ७-अ ने भोगवटादारावर घातलेले कर्तव्य उपकरण विकत आणण्यापाशी संपत नाही. सुरक्षित कार्यपद्धती, माहिती, शिक्षण आणि देखरेख हे सगळे त्यात येते. जी जाळी काढल्याशिवाय धागा जोडताच येत नाही तिचे आरेखनच चुकले आहे. आणि कानाचे नुकसान तर कुणी अपघात म्हणून नोंदवतही नाही. लूमच्या शेडमधला आवाज आठ तासांसाठीच्या ९० डेसिबलच्या मर्यादेवर जातो, पाळी आठ तासांची नसून बारा तासांची असते, आणि पंधरा-वीस वर्षांनी माणूस अर्धा बहिरा होऊन पारोळ्याला किंवा शिंदखेड्याला परततो. आवाजाने येणारे बहिरेपण हा अधिसूचित व्यवसायजन्य रोग आहे. तो कळवण्याचे कर्तव्य कारखान्याच्या व्यवस्थापकावर आणि तपासणाऱ्या डॉक्टरवर, दोघांवर आहे. आमच्या वाचकांत दोघेही आहेत.

सक्ती केली तर धंदा बसेल, हा तिसरा आक्षेप. त्याला सुरतनेच उत्तर देऊन ठेवले आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या साथीने लाखो लोक हे शहर सोडून गेले. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले, आणि स्वच्छतेचे नियम त्यांनी गल्लीतल्या टपरीपासून वजनदार बिल्डरपर्यंत सारखेच लावले. तेव्हाही व्यापार पळून जाईल असे म्हणणारे होते. दोन वर्षांच्या आत सुरतचे नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घेतले जाऊ लागले आणि कापडाचा व हिऱ्याचा धंदा वाढतच गेला. नियम सर्वांना सारखा असला की कुणा एकाचा माल महाग होत नाही. आज जो मालक जाळी बसवतो त्याच्यापेक्षा न बसवणारा काही पैशांनी स्वस्त पडतो. खरा अन्याय तिथे आहे.

म्हणून व्यवसायबंधूंपुढे काही गोष्टी ठेवतो. एका शेडसाठी सुरक्षा अधिकारी परवडत नाही, पण एका औद्योगिक सोसायटीतल्या शंभर शेडना मिळून एक परवडतो. तसाच वर्षातून एकदा श्रवणचाचणी करणारा डॉक्टरही. जिना, वायरिंग आणि बाहेर पडण्याच्या वाटा इमारतीच्या मालकाच्या असतील तर त्याची जबाबदारी कायद्यात स्वतंत्र सांगितलेली आहे. भाडेकरारात ती लिहून घ्यावी. निरीक्षक आता सुविधाकारही आहेत, तर त्यांना शेडमध्ये बोलवावे. आणि पाट्यांची फोड करून द्यायला नकार द्यावा. एक अशील जाईल, कदाचित दोन जातील.

नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या १९९५ च्या दुरुस्तीपासून मृत कामगाराची पत्नी ती जिथे राहते तिथल्या आयुक्तापुढे भरपाईचा दावा करू शकते. गोडादऱ्यातून अमळनेरला परत गेलेल्या बाईला त्यासाठी सुरतला खेटे घालायची गरज नाही. जळगावला दावा दाखल होतो. तिथे तिला आधी विचारतात की नवरा कोणाकडे कामाला होता आणि पगार किती होता. तिच्याजवळ ओळखपत्र नसते, पगाराची चिठ्ठी नसते, आणि तीन हजेरीपत्रकांपैकी एकातही त्याचे नाव नसते.