घटस्फोटाच्या कागदावर सही करण्यापूर्वी

‘फादर, आता सही तेवढी उरली आहे,’ असे सांगत धर्मग्रामाच्या कार्यालयात येणारी जोडपी आम्हांस अधूनमधून भेटतात. घराचे कर्ज कोण फेडणार, मुले नाताळात कोणाकडे राहणार, असे विचारले की दोघेही गप्प होतात.

1869 च्या घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पत्नीला पतीचा व्यभिचार सिद्ध करून भागत नसे. त्याच्या जोडीस क्रौर्य वा परित्यागही दाखवावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाने 1997 साली ही विषमता घटनाबाह्य ठरवली. 2001 च्या दुरुस्तीने परस्परसंमतीची वाट खुली झाली. मात्र त्यासाठी दोन वर्षे विभक्त राहण्याची अट घातली गेली. हिंदू दांपत्यास एकच वर्ष पुरते. (केरळ उच्च न्यायालयाने 2010 साली ही अट एका वर्षावर आणली.)

संमती दिली म्हणजे अटी ठरल्या असे नव्हे. पतीच्या नावावरील घरात पत्नीला महाराष्ट्रात आपोआप निम्मा वाटा मिळत नाही. गोव्यात मात्र वेगळा विवाहपूर्व करार नसेल, तर मालमत्ता सामाईक मानली जाते. म्हणून वसई-मुंबईकडच्या ज्या भगिनीच्या पगारातून हप्ते गेले, तिने बँकेची कागदपत्रे जपावीत. पोटगीच्या दाव्यात उभयतांनी उत्पन्न, मालमत्ता व कर्जे शपथपत्रावर उघड करावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली बजावले आहे.

मुलांविषयी मात्र ‘भेटीचा हक्क राहील’ एवढ्या एका ओळीवर काम उरकले जाते, हे आम्हांस सर्वांत खटकते. शाळेची फी, आजारपण, मे महिन्याची सुटी, पासपोर्ट, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याचा दिवस: हे सारे लिहून ठेवावे. आजी-आजोबांनाही विसरू नये.

न्यायालयाचा हुकूमनामा धर्मसभेतील विवाहबंधन तोडत नाही. उलट, धर्मसभेच्या न्यायपीठाने विवाह मुळातच शून्य होता असे ठरवले, तरी दिवाणी कायदा ते मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली हे स्पष्ट केले. दोन्ही दारे स्वतंत्रपणे ठोठवावी लागतात. हक्क, मुलांचे संगोपन वा वारसा राखण्याचा अन्य उपाय नसेल, तर दिवाणी घटस्फोट सहन करता येतो, असे कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद 2383 सांगतो. दिवाणी घटस्फोटानंतर पुनर्विवाह न केलेल्या व्यक्तीस केवळ त्या घटस्फोटामुळे ख्रिस्तशरीर नाकारले जात नाही. ही गोष्ट आमच्या कित्येक बंधुभगिनींना ठाऊक नसते आणि ते उगाच मागच्या बाकावर बसून राहतात.

विवाह शून्य ठरला तर मुले अनौरस ठरतील, ही भीतीही निराधार आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली दुसऱ्या निवाड्याची सक्ती काढल्याने ही प्रक्रिया आता पूर्वीइतकी लांबत नाही. अर्ज करण्यापूर्वी आपल्या धर्मगुरूंशी बोलावे आणि विवाहाचा व बाप्तिस्म्याचा दाखला सोबत न्यावा.