ओवीतली तक्रार गाळू नका

मावळातले गाणे म्हटले की डफ, तुणतुणे आणि पोवाडा डोळ्यांसमोर येतो. राजगड-तोरण्याच्या पायथ्याला ते साहजिकच. वेल्हे तालुक्याचे नावही आता राजगड झाले आहे. पण भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतल्या बायकांना बोलायला डफ मिळाला नाही. त्यांना मिळाले जाते.

एक हात खुंट्याला, दुसरा नाचणी वैरायला. घर झोपलेले. दोन ओळींची ओवी: पहिली साधी-सरळ, दुसरी वर्मी बसणारी. समोर बसलेली जाऊ तीच ओळ उचलते आणि घरघरीत कोण काय म्हणाले हे कळत नाही. सासूचे नाव घ्यायचे नसेल तर सीतेला पुढे करायचे. या ओव्यांतली सीता वनवासाला धाडलेली, अन्याय झालेली लेक आहे आणि बायकांचा कौल तिच्याच बाजूने आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी 1980 च्या दशकात गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून पुणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात या ओव्या टिपायला सुरुवात केली. पुढे संग्रह राज्यभर पसरला आणि एक लाखाच्या वर गेला. बर्नार्ड बेल यांनी 1990 च्या दशकात त्यातल्या काहींचे ध्वनिमुद्रण केले. 2017 पासून ‘पारी’ हे संकेतस्थळ त्या प्रसिद्ध करत आहे. त्यांत माहेर, भाऊ, विठ्ठल आहेतच. पण नवऱ्याचा मार, दारू, मुलीच्या जन्माला मुरडलेले नाकही आहे. दलित बायकांच्या ओव्यांत बाबासाहेब आहेत. याला राजकारण म्हणायचे नाही तर कशाला?

बाईच्या गाण्यातले असे बोल इतरत्रही खटकले आहेत. अमेरिकेत कंट्री संगीत हे गावाकडच्या, जुन्या वळणाच्या लोकांचे मानले जाते. तिथे गायिका लोरेटा लिन यांनी 1975 मध्ये ‘द पिल’ या गाण्यात गर्भनिरोधक गोळीची बाजू घेतली, तेव्हा अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. नकार दिला, म्हणजे निदान ऐकले तरी होते.

आपल्याकडे बंदीची गरजच पडत नाही. गॅदरिंगला नऊवारी नेसलेल्या मुली रंगवलेल्या जात्याभोवती बसतात, भाऊरायाच्या दोन ओव्या होतात, टाळ्या पडतात. माराची ओवी कुणी बसवत नाही. चक्की आल्यावर दळणाचे कष्ट वाचले, ते चांगलेच झाले. पण गाऱ्हाणे मांडायची जागाही गेली, आणि उरले ते निवडून, पाखडून मंचावर चढवलेले.

गाऱ्हाणी काही संपलेली नाहीत. भोर आणि राजगड या दोन तालुक्यांत भाटघर, नीरा देवघर, पानशेत, गुंजवणी अशी धरणे आहेत आणि ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण इथे चैत्र-वैशाखात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. डोक्यावर हंडा घेऊन डोंगर चढणारीला यावर दोन ओळी सुचणार नाहीत असे कोण म्हणेल?

जुन्या ओव्या तोंडपाठ असलेल्या बायका आता थकल्या आहेत. भोर आणि राजगडच्या शाळांनी यंदाच्या गॅदरिंगला गावातल्या एखाद्या आजीला बोलवावे, माइक तिच्या हाती द्यावा आणि काय म्हणायचे ते तिलाच ठरवू द्यावे. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना ते रुचले नाही, तरी कार्यक्रम थांबवू नये.