काही होत नाही!

"एकटाच जाणार? मग फोटो कोण काढणार?"

ऑकलंडचं तीन आठवड्यांचं ऑनसाइट संपत आलं होतं, हातात चार दिवसांची सुट्टी होती, आणि क्वीन्सटाउनला जाऊन बंजी जंपिंग करणार असं मी टीमच्या ग्रुपवर टाकल्याबरोबर आलेला हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न, "एकट्याने काय मजा येणार?" तिसरा आईचा, आणि तो इथे लिहिण्यासारखा नाही :-)

तर मंडळी, एकट्याने मजा येते की नाही यावर मला वाद घालायचा नाही. माझं भांडण वेगळंच आहे. ते आपल्याकडच्या तीन शब्दांशी आहे. "काही होत नाही." साहसी खेळ म्हटला की हे तीन शब्द आपण हार्नेससारखे वापरतो. दोरी जरा जुनी वाटतेय? काही होत नाही. बकल नीट लागलं नाही? अरे, काही होत नाही. मला भीती वाटतेय, मी नाही करत... अगं चल गं, काही होत नाही!

आधी पुलावर काय झालं ते सांगतो.

क्वीन्सटाउनपासून अर्ध्या तासाच्या आत कवाराऊ नावाची नदी आहे. पाणी असं निळं-हिरवं की कुणीतरी स्क्रीनचं सॅच्युरेशन वाढवून ठेवलंय असं वाटावं. त्या घळीवर 1880 सालचा एक झुलता पूल आहे, सोन्याच्या खाणींच्या काळातला. याच पुलावरून 1988 मध्ये ए. जे. हॅकेट आणि हेन्री व्हॅन आश या दोघांनी बंजीचा धंदा कायमचा सुरू केला. त्याच्या आदल्या वर्षी या हॅकेटने आयफेल टॉवरवरून उडी मारून पॅरिसच्या पोलिसांकडून अटक करून घेतली होती. म्हणजे माणूस काही सुरक्षिततेचा पुतळा वगैरे नव्हता. उंची 43 मीटर. साधारण चौदा मजले. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून खाली बघितलं तरी माझ्या पोटात गोळा येतो, आणि ती अकरा मजल्यांची आहे.

पोचल्यावर आधी वजन केलं. नुसतं केलं नाही, तर तो आकडा जाड मार्करने माझ्या हातावर लिहिला. मला आधी गंमत वाटली, मंडईत वांग्याच्या पोत्यावर लिहितात तसं. मग डोक्यात प्रकाश पडला. बंजीचा दोर रबराचा असतो आणि माणसाच्या वजनाप्रमाणे निवडावा लागतो. जाड माणसाला हलका दोर लावला तर तो नको तितका ताणला जाणार, हलक्या माणसाला जाड दोर लावला तर जोराचा झटका बसणार. त्यामुळे सगळा खेळ त्या एका आकड्यावर आहे. तो आकडा कागदावर असता तर कागद बदलला असता, तोंडी सांगायचा असता तर वाऱ्यात ऐकू आला नसता. हातावर लिहिला की डेटा माणसाबरोबरच चालत पुलावर जातो. पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून इतकं साधं डिझाइन मी क्वचित बघितलंय.

पुलावर दोघं जण. एकाने घोट्यांभोवती टॉवेल गुंडाळला, त्यावर पट्टे आवळले, कमरेचा हार्नेस वेगळा. हे सगळं करताना तो माझ्याशी गप्पा मारत होता, कुठला, काय करतोस, वगैरे. आणि मग दुसरा आला. त्याने गप्पा मारल्या नाहीत. पहिल्याने केलेलं सगळं त्याने पुन्हा एकदा हाताने ओढून बघितलं, हातावरचा आकडा मोठ्याने वाचला, पहिल्याने मान डोलावली. तेव्हा कुठे मला फळीच्या टोकाकडे सरकायला सांगितलं.

मी सरकलो. पायाची बोटं फळीच्या बाहेर. खाली बघू नका म्हणतात, मी बघितलं. तीन, दोन, एक...

आणि मी म्हणालो, "नको."

आता इथे एकटं असण्याचा मुद्दा येतो. टीमबरोबर असतो तर त्या क्षणी काय झालं असतं हे मला पक्कं माहीत आहे. मागून शिट्ट्या, "फट्टू फट्टू"चा गजर, कुणीतरी व्हिडिओ काढत असता, आणि सोमवारी तो व्हिडिओ पॅन्ट्रीत सगळ्यांनी बघितला असता. मी लाजेपोटी उडी मारली असती. पण तिथे मला ओळखणारं चिटपाखरू नव्हतं. तो माणूस नुसता म्हणाला, ठीक आहे. मागे घेतलं, दोर काढला, आणि मी पुलावरून चालत परत कडेला जाऊन बसलो. माझ्यामागची जर्मन मुलगी गेली. तिच्यामागचे एक आजोबा गेले (आजोबा! सत्तरी तरी असेल). कुणीही माझ्याकडे वळून बघितलं नाही.

अर्ध्या तासाने मी परत गेलो. पुन्हा टॉवेल, पुन्हा पट्टे, पुन्हा दुसऱ्याने ओढून बघणं. "मघाशी बघितलंय की" असं कुणी म्हणालं नाही. आणि मग मारली उडी. उडीचं वर्णन करत नाही, जो तो करतो आणि सगळ्यांचं सारखंच असतं. एवढंच सांगतो की पहिल्या दोन सेकंदांत मी मराठीत ओरडलो, आणि नंतर उलटा लोंबकळत असताना खालच्या रबरी बोटीतल्या माणसाने पुढे केलेला बांबू धरताना मला हसू आवरत नव्हतं.

हसता हसताच आठवण झाली, आणि हसू गेलं.

दोन वर्षांपूर्वी आमचं टीम आउटिंग होतं. मुळशीच्या बाजूला एक रिसॉर्ट, त्यात झिपलाइन. आयोजक मीच. बावीस जण. मचाणावर हार्नेस चढवणारा एकच पोरगा, अठरा-एकोणीस वर्षांचा, एकीकडे फोनवर बोलतोय. आमच्यात एक मुलगी होती, नुकतीच जॉइन झालेली. शिडी चढून वर आली आणि म्हणाली, मला नाही जमणार, तुम्ही जा सगळे. मागून सुरू झालं, चल चल, काय यार, पैसे भरलेत. आणि मी, टीम लीड, मोठ्या भावाच्या थाटात म्हणालो, "अगं, काही होत नाही." ती गेली. पलीकडे उतरल्यावर तिने मला दाखवलं की डाव्या पायाचा पट्टा बकलमध्ये ओवलेलाच नव्हता. नुसता लोंबत होता. ती अख्खी दरी एका पायाच्या पट्ट्यावर आणि कमरेच्या जोरावर पार करून आली होती.

मी काय म्हणालो असेन? "फोटो पण भारी आलाय तुझा!"

यापुढचं जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

आमच्या कंपनीत वेबसाइटवरच्या एका बटणाचा रंग बदलायचा असेल तर दोन माणसांनी कोड बघावा लागतो. शुक्रवारी संध्याकाळी तर बदल करूच देत नाहीत. बटण! आणि त्याच कंपनीतली बावीस शहाणी माणसं शनिवारी सकाळी मचाणावर चढतात तेव्हा एकालाही विचारावंसं वाटत नाही की हे बकल दुसऱ्या कुणी बघितलं का. विचारणारा बोअर ठरतो. काका ठरतो. ज्याला भीती वाटते तो घाबरट आणि ज्याला काही दिसत नाही तो शूर, अशी आपली व्याख्या आहे.

"त्यांच्याकडे पैसा आहे रे, आपल्याला परवडत नाही." हे पहिलं उत्तर मला ठाऊक आहे. दुसऱ्या माणसाने पट्टा ओढून बघायला किती खर्च येतो? कॅराबिनरचा स्क्रू फिरवून बंद करायला? स्क्रू त्यावर आधीच आहे, तो फिरवायचा राहतो. आणि हे आपल्या लोकांना जमत नाही असंही नाही. आपल्याकडच्या जुन्या गिर्यारोहण संस्थांबरोबर एकदा कोकणकड्याच्या नाहीतर ड्यूक्स नोजच्या वाटेला जा. तुमची गाठ दुसऱ्याने तपासल्याशिवाय तुम्हाला कड्याच्या टोकाकडे फिरकू देत नाहीत. जरा जास्त शहाणपणा केलात तर शिव्या खाता, त्याही अस्सल मराठीत.

दुसरं उत्तर जास्त हुशारीचं. "तिकडे काही झालं तर कोर्टात खेचतात, कोटींची भरपाई द्यावी लागते, म्हणून घाबरून करतात." अमेरिकेचं असेल. न्यूझीलंडमध्ये 1974 पासून अपघात विम्याची सरकारी योजना आहे, चूक कुणाची हे न बघता उपचार मिळतात, तिथे फिरायला आलेल्यालासुद्धा. आणि त्या बदल्यात दुखापतीच्या भरपाईसाठी सहसा दावाच लावता येत नाही. म्हणजे वकिलाच्या भीतीने पट्टा तपासतात हे काही खरं नाही.

तिसरं उत्तर, "गोऱ्यांची शिस्तच वेगळी." हे तर सपशेल चूक. याच कवाराऊ नदीत 2008 मध्ये रिव्हरबोर्डिंग करताना एक तरुण ब्रिटिश मुलगी खडकाखाली अडकून बुडाली. तिच्या वडिलांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं. 2009 मध्ये सरकारने सगळ्या साहसी व्यवसायांचा आढावा घेतला, आणि 2011 मध्ये नियम आले की बाहेरच्या तज्ज्ञांकडून सुरक्षेचं ऑडिट करून नोंदणी केल्याशिवाय असा धंदा करता येणार नाही. त्यानंतरही 2019 मध्ये व्हाकारी बेटावर ज्वालामुखी फुटला आणि तिथे गेलेल्यांपैकी 22 माणसं गेली, तेव्हा नियम पुन्हा कडक केले. म्हणजे त्यांच्याकडेही लोक मेले. फरक एवढाच की त्यानंतर त्यांनी "नशीब" म्हणून विषय मिटवला नाही.

आपल्याकडे? 2019 च्या जुलैमध्ये अहमदाबादला कांकरिया तलावाजवळ झोपाळ्यासारखी मोठी राइड तुटून दोघं गेली. 2021 मध्ये महाराष्ट्राने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात नोंदणी आहे, सगळं आहे. आणि 2025 च्या एप्रिलमध्ये भोर तालुक्यातल्या एका पार्कात झिपलाइनच्या सुरुवातीच्या जागीच पडून 28 वर्षांची मुलगी दगावली. घरच्यांबरोबर सहलीला आली होती. बातमी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर फिरली, चार जणांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले. मीही टाकला. त्याच ग्रुपवर दोन वर्षांपूर्वीचा आमचा झिपलाइनचा फोटो अजून ग्रुपचा फोटो म्हणून लागलेला होता, हे मला तेव्हा खटकलंसुद्धा नाही.

कायदा हवा, तपासणी हवी, हे सगळं बरोबर आहे, पण ते सरकारवर ढकलून मोकळं होणं फार सोपं आहे. मचाणावर सरकार नव्हतं. मी होतो. त्या पोराने बकल लावलं नाही ही त्याची चूक. पण तिची भीती ही त्या अख्ख्या मचाणावर बरोबर चाललेली एकमेव गोष्ट होती, आणि ती मी बंद पाडली. अलार्म वाजतोय म्हणून त्याची वायर कापावी, तसं. प्रॉडक्शनला हे कुणी केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

पुलावरचे ते दोघं काही संत नव्हते. मोजणी करतात म्हणजे थोडं चढवतातच, आणि खाली आल्यावर फोटो, व्हिडिओ विकायला काउंटर तयार असतो. धंदा आहे. पण "नको" म्हटल्यावर काय करायचं हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं. दोर कसा काढायचा, माणसाला कुठून परत न्यायचं, मागच्याला पुढे कसं घ्यायचं. माझा नकार हा त्यांच्या कामातला नेहमीचा एक भाग होता, घोटाळा नव्हता.

(फोटो मी घेतला नाही. भयंकर महाग होता. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर, कुणीच काढला नाही.)

त्या रात्री हॉस्टेलवर बसून मी तिला मेसेज केला. ती आता दुसऱ्या कंपनीत आहे. लिहिलं की मुळशीचं आठवतंय का, तेव्हा मी तुला आग्रह करायला नको होता आणि पट्टा बघितल्यावर हसायला तर मुळीच नको होतं, सॉरी. आमच्याकडे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण तिची कॉलेजची "सर"ची सवय अजून सुटलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं होतं.

"आठवतंय ना सर. मी खरं तर परत उतरणारच होते. पण शिडीवर खालपर्यंत सगळे उभे होते. उतरणार कुठून?"