जटायूच्या वंशजांच्या भेटीला

दिवाळीची चार दिवसांची सुटी हाती आली, की आपल्या घरांतून एक ठरलेला प्रश्न ठरलेल्या वेळी निघतो : "यंदा जायचे कुठे?" मुलांना समुद्र हवा असतो, आजोबांना देवदर्शन हवे असते, गृहिणीला एवढेच हवे असते की दोन दिवस चुलीचे तोंड पाहायला लागू नये, आणि घरच्या कर्त्या पुरुषाचा एक डोळा नकाशावर, तर दुसरा पाकिटावर असतो. अशा मंडळींसाठी आज एक जागा सुचवतो. रायगड जिल्ह्यातले फणसाडचे अभयारण्य. आणि तिथे जाऊन पाहायचे काय? वाघ नव्हे, सिंह नव्हे. आभाळातली शिकारी पाखरे पाहायची. आणि नशीब असेल तर गिधाडे!

थांबा, एवढ्यात पान उलटू नका.

रोह्याजवळच्या धाटावला ज्यांची बहीण दिली आहे, त्यांना तर हा बेत भाऊबीजेच्या फेरीतच उरकता येईल. मुंबईहून पनवेल, पेण, नागोठणे करीत कोलाडला यावे आणि रोह्याच्या रस्त्याला लागावे. भाताची खाचरे सरतात न सरतात तोच रसायनांच्या कारखान्यांची उंच धुराडी दिसू लागतात. तेच धाटाव. कुंडलिकेच्या काठची ही औद्योगिक वसाहत. नोकरीच्या निमित्ताने कुठकुठची कुटुंबे इथे येऊन स्थिरावली आहेत.

गेल्या भाऊबीजेला आम्ही अशाच एका घरी उतरलो होतो. पक्षी पाहायला रानातच जावे लागते, हा समज तिथे पहिल्या सकाळीच दूर झाला. कुंडलिकेवर विटकरी अंगाची, पांढऱ्याशुभ्र डोक्याची ब्राह्मणी घार घिरट्या घालीत होती. कापणी झालेल्या खाचरावर विजेच्या तारेवर राखी-पांढरी कापशी बसली होती. मधूनच ती उडे आणि हवेत एकाच जागी पंख फडफडवीत उभी राही, जणू कुणी तिला अदृश्य दोरीने टांगून ठेवले आहे. मग एकदम खाली झेप आणि पंजात उंदीर! शेतकऱ्याकडे पगार न मागता राबणारी ही रखवालदारीण.

दुसऱ्या दिवशी फणसाडला जायचा आमचा बेत ऐकून बहिणीच्या सासूबाईंनी मात्र कपाळाला हात लावला.

"अहो भाऊ, सणासुदीचे कुणी गिधाडे बघायला जाते का? घरावर गिधाड बसले तर आमच्यात शांत करीत असत!"

त्या बिचाऱ्या एकट्याच असे म्हणतात असे नाही. 'गिधाडासारखे तुटून पडणे' म्हणजे काय, हे आपल्या मुलांना गिधाड पाहण्याच्या आधीच ठाऊक असते. वास्तविक याच कुळातल्या जटायूने सीतेसाठी प्राण वेचले आणि त्याचा अग्निसंस्कार खुद्द रामचंद्रांनी केला. पण आपण जटायूला नमस्कार करतो आणि त्याच्या वंशजांना अभद्र म्हणतो. पुराणातला पाहुणा गोड, दारातला कडू, अशातलाच हा प्रकार!

फणसाडला जायला धाटावहून रोहे गाठावे, मग साळावकडचा रस्ता धरून बोर्लीवरून सुपेगावला यावे. सुपेगावी अभयारण्याचे प्रवेशद्वार आहे. हे मूळचे जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान. १९४८ साली संस्थान विलीन झाले, आणि १९८६ साली या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. ज्या रानात बंदुकीचे बार घुमत, तिथे आज दुर्बीण हीच काय ती डोळ्याला लावायची वस्तू. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी यांची दाट झाडी, झाडांवरून लोंबणाऱ्या गारंबीच्या दांडग्या वेली, आणि जागोजाग पाणवठे. इथल्या पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात : धरणगाण, चिखलगाण, फणसाडगाण. नावे ऐकूनच मन प्रसन्न होते. नशिबाने साथ दिली तर शेंड्यावरून शेंड्यावर उड्या मारणारा शेकरूही दिसतो. पण आपली मान वर करायची ती आणखी वर, शेंड्यांच्याही पलीकडे.

शिकारी पक्षी पाहणाऱ्याने पहाटेच उठून धावपळ करण्याचे कारण नाही, हा या छंदाचा मध्यमवर्गीयांना मानवणारा गुण. ऊन तापले की जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढू लागते. पंख पसरून त्या हवेच्या जिन्यावर उभे राहिले की झाले! पंख हलवायचे कष्ट न घेता ही थोराड पाखरे घिरट्या घेत उंच जातात. म्हणून चहा-फराळ आटोपून, नऊ-साडेनऊच्या सुमाराला, आभाळ मोकळे दिसेल अशा माळावर जाऊन बसावे.

"मामा, एवढ्या उंचावरचे पाखरू ओळखायचे कसे?" भाचीने विचारले. तिला सांगितले तेच इथे सांगतो. शेपटीला मधोमध खाच असली की ती आपली रोजची घार. पंखांच्या मागच्या कडेला पांढरा रुंद पट्टा आणि सोबत लांबवर ऐकू जाणारी शीळ असली, की तो सर्पगरुड. साप हे त्याचे आवडते खाणे. किनाऱ्याच्या बाजूला पांढऱ्या पोटाचा, पंख किंचित वर उचलून तरंगणारा दिसला, तर तो समुद्रगरुड. आणि दाराच्या फळीसारखे लांब-रुंद पंख, टोकाला बोटे फाकल्यासारखी पिसे, शेपूट आखूड आणि डोके जवळजवळ नाहीसेच, असे काही दिसले तर हळूच शेजाऱ्याच्या हाताला स्पर्श करावा. ते गिधाड. आपल्या कोकणात त्याच्या दोन जाती : एक पांढऱ्या पाठीचे, उंच जुन्या झाडांवर घरटे करणारे, दुसरे लांब चोचीचे, कड्याकपारीत राहणारे.

आम्हाला त्या दिवशी सर्पगरुड तीनदा दिसला. गिधाड दिसले ते एकच, फार उंचावर, मिनिटभर. दुर्बीण हातोहात फिरेपर्यंत ते डोंगराआड गेलेही. बरोबरच्या वनखात्याच्या माणसाला विचारले, तर तो म्हणाला, "साहेब, एक दिसले ना? पुष्कळ झाले."

एक दिसले तर पुष्कळ! आपल्या आजोबांना हे वाक्य सांगितले असते तर ते हसले असते. त्यांच्या काळी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले, की आभाळातून गिधाडांची रांग उतरे आणि तासाभरात हाडे तेवढी उरत. कुणाला दुर्गंधी नाही, कुणाला उपद्रव नाही. मग ही पाखरे गेली कुठे?

ही हकिकत एखाद्या रहस्यकथेसारखी आहे. नव्वदीच्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात गिधाडे माना टाकून बसलेली आणि मग मरून पडलेली आढळू लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी ही गोष्ट नोंदवली. रोग असेल म्हणावे, तर जंतू सापडेना. अखेर २००४ साली, पाकिस्तानातल्या गिधाडांवर काम करणाऱ्या लिंडसे ओक्स यांच्या पथकाने गुन्हेगार पकडला. तो होता डायक्लोफिनॅक, अंगदुखीवरचे एक साधे औषध! लंगड्या किंवा तापलेल्या गुराला ते टोचायचे. गुरू दगावले तर त्याच्या मांसात ते उरायचे. आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होऊन दोन-चार दिवसांत त्याचा अंत व्हायचा. शंभर मेलेल्या जनावरांपैकी एकाच्या अंगात हे औषध असले तरी एवढ्या संहाराला ते पुरेसे होते, असे शास्त्रज्ञांनी गणित करून दाखवले. कारण एका जनावराच्या पंगतीला कितीतरी गिधाडे बसतात. १९९२ साली आपल्या देशात पांढऱ्या पाठीची गिधाडे हजार होती असे धरले, तर २००७ साली त्यांतले एक उरले होते.

हे सारे रात्री जेवताना सांगत होतो, तेव्हा बहिणीच्या सासूबाई वाढता वाढता थांबल्या. "डायक्लो म्हणालात? माझ्या गुडघ्याची गोळी तीच की हो!"

तीच. माणसाला उतार देणारे औषध गिधाडाला विष ठरते. यात कुणी दुष्ट नाही. शेतकऱ्याने बैलावर माया केली, कारखान्याने मागणी पुरवली, दुकानदाराने स्वस्त माल विकला. सगळे आपापल्या परीने सज्जन. आणि तरीही आभाळ रिकामे झाले. धाटावसारख्या औषधे-रसायनांवर चूल पेटणाऱ्या जगात राहणाऱ्यांनी तर हा धडा मनात ठेवायला हवा, की बाटलीतली वस्तू बाटलीतच राहत नाही.

आणि गिधाडे गेल्याने बिघडले काय? उघड्यावर पडलेल्या जनावरांवर मोकाट कुत्री पोसली गेली, पाण्यात घाण उतरली. २०२४ साली एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी अंदाज मांडला, की गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या पाच वर्षांत भारतात सुमारे पाच लाख माणसे जादा दगावली. मुंबईच्या पारशी बांधवांना तर मलबार हिलवरच्या दख्म्यात सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. जे काम एक पाखरू फुकट करीत होते, त्याची किंमत ते गेल्यावर कळली.

पण दिवाळीच्या अंकात अंधाराचीच कथा सांगून थांबणे बरे नव्हे. २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर सरकारने बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात, म्हणून २०१५ साली त्या कुप्यांचा आकार ३ मिलिलिटरवर आणला. २०२३ साली अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन या दोन भावंडांनाही जनावरांपुरती बंदी झाली. बैलाला उतार पडावा आणि गिधाडही जगावे असे मेलॉक्सिकॅम हे औषध उपलब्ध आहे.

आणि आपल्या रायगडातच पाहा. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावात महाडच्या 'सिस्केप' संस्थेने, प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांच्या सोबत्यांनी, गावकऱ्यांना आणि वनखात्याला हाताशी धरून गिधाडांची घरटी जपली. मेलेले जनावर पुरून न टाकता, ते विषारी औषध टोचलेले नाही याची खात्री करून गिधाडांसाठी ठेवायचे, अशी त्यांच्या जेवणाची सोय झाली. फणसाडातही वनखात्याने असेच भोजनालय मांडले. वाटेत संकटेही आली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने या जिल्ह्यातली असंख्य जुनी झाडे उपटून काढली. गिधाडाला घरटे करायला रोपटे चालत नाही, वाडवडिलांच्या वयाचे झाड लागते. आणि घरट्यात वर्षाला अंडे एकच. असा हा सावकाश चालणारा संसार. तो मोडायला दहा-पंधरा वर्षे पुरली. उभा राहायला पिढ्या लागतील.

तेव्हा तुम्ही जाल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. दिवाळीनंतर गिधाडांचे घरटी बांधायचे दिवस असतात. घरट्याखाली जाऊन गलका करू नका, फोटोसाठी तर नाहीच नाही. फटाके घरी ठेवा. भडक कपडे घालू नका. चिवडा न्या, पण पुड्यांचे कागद परत आणा. आणि पाचवी गोष्ट गावी गेल्यावर करायची : ज्यांच्या गोठ्यात जनावर आहे त्या काकांना, मामांना विचारा, "डॉक्टर गुराला दुखण्यावर कोणते औषध टोचतात?" मेलॉक्सिकॅम म्हणाले तर ठीक. दुसरेच नाव घेतले तर ही हकिकत सांगा. एवढ्या एका प्रश्नाचे मोल सहलीच्या खर्चाहून जास्त आहे.

आपण दारी पणती लावतो ती लक्ष्मी यावी म्हणून. लक्ष्मीला स्वच्छता आवडते, हे तर घरोघरची आजी सांगते. मग ज्या पाखराने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या गावांची वेस झाडून ठेवली, त्याला अभद्र कसे म्हणावे? पोरांना ते दाखवा. दुरून का होईना, मिनिटभर का होईना. त्यांच्या मुलांना ते पुस्तकातल्या चित्रात दाखवायची वेळ येऊ नये.